एकाच रेशमी स्टोलमध्ये गुळगुळीत आणि खरबरीत पोत कसा साधला जातो?

रेशमी स्टोल हाती घेतला की बहुतेकांची बोटे प्रथम त्याचा गुळगुळीतपणा शोधतात. बिहारमधील भागलपूर येथे हातमागावर विणले जाणारे अनेक स्टोल आणि दुपट्टे ही अपेक्षा अर्धीच पूर्ण करतात. त्यांचा एक पट्टा सुळसुळीत आणि चमकदार असतो, तर त्याला लागून असलेला पट्टा जाडसर, मधूनच गाठाळ आणि बोटांना अडणारा असतो. पुष्कळदा संपूर्ण वस्त्राचा रंग एकच असतो आणि नक्षी अशी काही नसते. दोन पोतांमधील विरोध हेच त्याचे सौंदर्य असते.

नवख्या ग्राहकाला मात्र हा खरबरीत पट्टा विणकामातील दोष वाटण्याची शक्यता असते. दुसरीकडे, याच खरबरीतपणाची नक्कल करणारे यंत्रमागावरील कृत्रिम धाग्याचे कापड ‘हातमागाचे रेशीम’ म्हणून बाजारात विकले जाते. अस्सल वस्त्राला दोष मानणे आणि नकलेला अस्सल समजणे, या दोन्ही गैरसमजांचा फटका अखेरीस सूत काढणाऱ्या स्त्रियांना आणि विणकरांना बसतो. त्यामुळे हा पोत कोठून येतो आणि मागावर तो कसा बसवला जातो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

चार किडे, चार प्रकारचे धागे

रेशीम हा एकच पदार्थ असल्याप्रमाणे बोलले जात असले, तरी तुती, टसर, एरी आणि मुगा हे व्यापारी उत्पादनाचे चार प्रमुख प्रकार आहेत. हे चारही प्रकार भारतात तयार होतात. एकूण उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो आणि देशातील उत्पादनात तुती रेशमाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

तुतीच्या पानांवर वाढणारा किडा आपल्याभोवती सुमारे एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा गुंडाळून कोश तयार करतो. या तंतूचा आडवा छेद साधारण त्रिकोणी असतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो आणि रेशमाची परिचित झळाळी दिसते. टसरचा किडा ऐन, अर्जुन आणि साल या जंगली झाडांवर वाढतो. त्याचा तंतू तुतीच्या तंतूपेक्षा कित्येक पट जाड, चपटा आणि नैसर्गिकरीत्या मधाळ ते तपकिरी रंगाचा असतो. त्याची चमक मंद असते आणि स्पर्श कोरडा असतो. एरंडाच्या पानांवर पोसला जाणारा एरीचा किडा एका टोकाला उघडा असलेला कोश विणतो. त्यातून सलग धागा निघत नाही. कापसाप्रमाणे तो पिंजून कातावा लागतो आणि म्हणून त्याचे वस्त्र लोकरीसारखे ऊबदार व मऊ लागते. सोनेरी मुगा प्रामुख्याने आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात होतो.

म्हणजेच पोतातील फरकाची पहिली बीजे मागावर पडत नाहीत. किडा कोणता आणि तो कोणत्या झाडावर वाढला, यावरच त्यांचा बराचसा निर्णय झालेला असतो.

फुटलेल्या कोशाचे सूत

टसरमध्ये हा फरक आणखी एका पातळीवर वाढतो. अखंड कोश सोडा घातलेल्या पाण्यात उकळून मऊ केला की त्यातून सलग धागा उकलता येतो. काही कोशांचे धागे एकत्र ओढून तुलनेने एकसारखे सूत तयार होते. परंतु पुढील हंगामाच्या अंड्यांसाठी काही कोश राखून ठेवावे लागतात. त्यांतून पतंग बाहेर पडतो तेव्हा कोशाला छिद्र पडते आणि सलग धाग्याची शक्यता संपते. काही कोश मुळातच नीट उकलत नाहीत.

असे कोश फेकून दिले जात नाहीत. त्यांना शिजवून, त्यांतील तंतू हाताने ओढून काढलेल्या जाड, कमी पिळाच्या आणि गाठाळ सुताला ‘घिचा’ म्हणतात. धागा उकलताना मागे राहिलेल्या तुकड्यांपासून कातलेले सूत ‘कटिया’ या नावाने ओळखले जाते. टसरचा कोश झाडाच्या फांदीला ज्या कठीण देठाने लटकतो, त्या देठाचेही सूत काढले जाते आणि त्याला ‘बलकल’ असे नाव आहे. तुती रेशमाच्या फुटक्या कोशांपासून व टाकाऊ तंतूंपासून हाताने कातलेल्या सुताला ‘मटका’ म्हणतात. दोन किड्यांनी मिळून विणलेल्या जोडकोशाचा धागा उकलताना अडकतो आणि त्यात जाड गाठी राहतात. ‘डुपियन’ या कापडाचा खास पोत त्यातूनच आलेला आहे.

भागलपूरच्या स्टोलमधील खरबरीत पट्टा बहुधा घिचाचा किंवा कटियाचा असतो. सुताची जाडी दर काही इंचांवर बदलते, कारण ती कोशातून तंतू ओढणाऱ्या हाताच्या गतीवर ठरते. या पट्ट्यातील गाठ म्हणजे विणकराची चूक नसून सुताचा मूळ स्वभाव आहे.

मागावर दोन स्वभावांची सांगड

गंगेच्या दक्षिण तीरावरील भागलपूर ‘रेशीमनगरी’ म्हणून ओळखले जाते. शहराच्या चंपानगर आणि नाथनगर या भागांत विणकरांच्या जुन्या वस्त्या आहेत. प्राचीन अंग देशाची राजधानी चंपा ही याच परिसरात होती. येथील मागांना लागणारे टसर कोश आणि सूत प्रामुख्याने झारखंड, छत्तीसगड आणि आसपासच्या वनक्षेत्रांतून येते. काही विणकर ताण्यासाठी आयात केलेले रेशीमही वापरतात.

कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. मागावर ताणा सतत ताठ ठेवलेला असतो. पायाखालील पट्टी दाबली की ताण्यातील काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात आणि मधल्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन आरपार जातो. त्यानंतर फणीचा ठोका तो धागा कापडाच्या कडेला घट्ट बसवतो. हीच क्रिया पुन:पुन्हा होत राहते.

घिचासारखे कमी पिळाचे सूत ताण सहन करू शकत नाही. ताण्यात ते भरले, तर फणीच्या दातांवर घासून तुटते. म्हणून ताण्यासाठी तुतीचे किंवा एकसारखे उकललेले टसरचे पीळदार सूत निवडले जाते आणि खरबरीत सुताला बाण्यात स्थान दिले जाते. एका अर्थाने गुळगुळीत धागा वस्त्राचा भार वाहतो आणि खरबरीत धागा त्याला अंग देतो.

पट्ट्यांची योजना असेल, तर विणकराजवळ किमान दोन धोटे असतात. एका धोट्यातील कांडीवर बारीक तुती रेशीम, तर दुसऱ्या धोट्यातील कांडीवर घिचा भरलेला असतो. ठरलेल्या अंतरानंतर विणकर धोटा बदलतो. येथे खरी कसोटी लागते. बारीक सुतासाठी फणीचा ठोका जितका जोरात हवा, तितका तो घिचासाठी दिला तर पट्टा लाकडासारखा ताठ होतो. ठोका सौम्य पडला, तर बारीक सुताचा पट्टा विरळ राहून धागे सरकू लागतात. जाड धागा कडेशी वळताना कापडाची किनार आत ओढतो आणि त्यामुळे वस्त्राची रुंदी पट्ट्यागणिक कमी-जास्त होण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी दोन्ही टोकांना बारीक खिळे असलेली काठी कापडावर आडवी बसवून त्याची रुंदी कायम राखली जाते. हाताचा ठोका मात्र कोणत्याही साधनावर सोपवता येत नाही. सूत बदलले की तो बदलावा लागतो.

या श्रमाचा अंदाज साध्या हिशेबाने येऊ शकतो. ऐंशी इंच लांबीच्या स्टोलमध्ये दर इंचाला ४० आडवे धागे धरले, तर धोटा ३,२०० वेळा आरपार जातो आणि फणी किमान तितक्याच वेळा ठोकली जाते. ताणा भरणे, त्याचा प्रत्येक धागा फणीतून ओवणे, कांड्या भरणे आणि शेवटी दशांचे गोंडे वळणे ही कामे त्याव्यतिरिक्त असतात. ती बहुतांशी घरातील स्त्रिया करतात.

सूत एकच, पोत दोन

दोन निरनिराळी सुते न वापरताही विरोधी पोत साधता येतो. त्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत.

पहिला मार्ग विणीचा आहे. साध्या विणीत बाण्याचा प्रत्येक धागा ताण्याच्या एका धाग्यावरून व पुढच्या धाग्याखालून जातो आणि पृष्ठभाग सपाट व काहीसा मंद दिसतो. सॅटिनच्या विणीत धागा एकदम अनेक धाग्यांवरून तरंगत जातो. हे लांब तरंग प्रकाश सलग परावर्तित करतात आणि तोच धागा अधिक चमकतो. एकाच वस्त्रात या दोन विणी शेजारी आल्या, की रंग न बदलता उजळ आणि मंद चौकटी उमटतात.

दुसरा मार्ग घनतेचा आहे. फणीच्या काही दातांमध्ये धागे दाटीने भरले आणि काही दात रिकामे सोडले, की ताण्यात घट्ट व जाळीदार पट्टे तयार होतात. स्टोल प्रकाशासमोर धरल्यावर एक पट्टा पारदर्शक आणि शेजारचा भरीव दिसतो, त्यामागे हेच तंत्र असते.

तिसरा मार्ग पिळाचा आहे. क्रेपसाठी रेशमाच्या धाग्याला मीटरमागे सुमारे दोन हजार किंवा त्याहून अधिक पीळ दिले जातात. मागावर ताठ असताना हा धागा सरळ दिसतो. कापड धुतल्यावर पीळ उलगडू पाहतो, धागा आखडतो आणि पृष्ठभागावर बारीक चुण्या पडतात. साध्या आणि अतिपिळाच्या सुताचे पट्टे एकत्र विणले, तर धुलाईनंतर एक पट्टा सपाट राहतो आणि दुसरा आक्रसतो. अशा वस्त्राचा अंतिम पोत मागावर दिसत नाही. विणकराला तो आधी मनात धरूनच विणावे लागते.

धुलाईचा परिणाम रेशमावरील नैसर्गिक डिंकाशीही जोडलेला आहे. कच्च्या तुती रेशमाच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा ‘सेरिसिन’ या चिकट प्रथिनाचा असतो. ते तसेच ठेवले तर कापड ऑर्गान्झासारखे ताठ राहते आणि साबणाच्या गरम पाण्यात काढून टाकले तर मऊ होते. टसरमध्ये सेरिसिनचे प्रमाण तुलनेने कमी असते. त्यामुळे कच्चे तुती रेशीम आणि टसर एकत्र विणून नंतर धुतले, तर दोन्ही सुते सारख्या प्रमाणात बारीक होत नाहीत. विणलेला पोत धुलाईनंतर बदललेला दिसतो आणि अनुभवी विणकर त्याचा हिशेब आधीच करून ठेवतो.

सुतामागील वेदना

टसरच्या पोताचे कौतुक करताना त्याच्या सुतामागील एक वास्तव दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. पारंपरिक पद्धतीत स्त्रिया जमिनीवर बसून, शिजवलेल्या कोशांचे तंतू एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हाताने ते उघड्या मांडीवर घासून त्यांना पीळ देत. बिहार, झारखंड, छत्तीसगड, ओडिशा आदी राज्यांतील टसर पट्ट्यात ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या प्रचलित होती. तासन्‌तास होणाऱ्या घर्षणामुळे मांडीची त्वचा सोलवटते, काळवंडते आणि जखमा होतात. एकाच स्थितीत बसून पाठ व गुडघे दुखू लागतात. या कामाचा मोबदला मात्र विणकामाच्या तुलनेतही तुटपुंजा असे.

केंद्रीय रेशीम मंडळाच्या संशोधन संस्थेने छत्तीसगडमधील चांपा येथील एका उद्योजकाच्या साहाय्याने ‘बुनियाद’ हे टसर सूत काढण्याचे यंत्र विकसित केले. स्त्रियांना अशी यंत्रे देऊन मांडीवर सूत काढण्याची प्रथा मार्च २०२० अखेरपर्यंत पूर्णपणे बंद करण्याचे उद्दिष्ट केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०१९ मध्ये जाहीर केले होते. यंत्रावर सूत अधिक एकसारखे निघते, दिवसभरात काढल्या जाणाऱ्या सुताचे प्रमाण वाढते आणि शरीराला होणारी इजा टळते.

यंत्रामुळे टसरचा ‘हाताचा पोत’ हरवेल, अशी शंका या संदर्भात घेतली जाऊ शकते. पोताचे मूळ पाहिले, तर ती फारशी टिकत नाही. अखंड कोशाचे सूत यंत्रावर एकसारखे झाले, तरी टसर तंतूचा जाड, चपटा आकार आणि मंद चमक बदलत नाही. गाठाळ घिचा आणि कटिया यांचा उगम तर फुटलेल्या व उरलेल्या कोशांत आहे आणि चरख्यावर किंवा छोट्या कताई यंत्रावर सूत काढले, तरी तुटक तंतूंचा खरबरीतपणा त्यात राहतोच. वस्त्रातील खडबडीतपणासाठी कोणाच्या त्वचेवर जखमा होण्याची गरज नाही.

विदर्भातील करवती किनार

विरोधी पोताची ही कला महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. पूर्व विदर्भात टसरला ‘कोसा’ म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलांत ऐन व अर्जुन वृक्षांवर कोशांची जोपासना केली जाते आणि ढिवर समाजातील अनेक कुटुंबे परंपरेने हे काम करत आली आहेत. भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव आणि चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड ही कोसा विणकामाची परिचित केंद्रे आहेत.

येथील ‘करवत काटी’ साडीचे अंग कोशाच्या मंद, कोरड्या टसरचे असते आणि किनार वेगळ्या सुताची, घट्ट विणीची व ठसठशीत रंगाची असते. दोन किनारींसाठी दोन आणि अंगासाठी एक असे तीन धोटे चालवले जातात. जिथे किनार आणि अंग भेटतात, तिथे दोन्ही बाण्यांचे धागे एकमेकांत अडकवले जातात आणि त्या सांध्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी उमटते. वस्त्राचा पोत जिथे बदलतो, तो सांधाच येथे अलंकार ठरला आहे. भागलपूरचे रेशीम आणि विदर्भाची करवत काटी या दोहोंना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे.

अस्सल कसे ओळखावे?

खरेदी करताना दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. धागा शुद्ध रेशमाचा आहे का, हा पहिला प्रश्न आणि वस्त्र हातमागावर विणले आहे का, हा दुसरा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेले ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. सिल्क मार्क असलेले कापड यंत्रमागावरचेही असू शकते. दुसऱ्या प्रश्नासाठी २००६ मध्ये सुरू झालेले ‘हँडलूम मार्क’ हे चिन्ह पाहावे लागते. हातमागावरील शुद्ध रेशमी स्टोल खरेदी करणाऱ्याने ही दोन्ही चिन्हे पाहणे उपयुक्त ठरते.

प्रत्यक्ष वस्त्रही बरेच काही सांगते. घिचातील गाठी कोठे येतील याला नियम नसतो आणि त्यांची जाडीही सारखी नसते. यंत्राने मुद्दाम गाठी पाडलेल्या कृत्रिम सुतात त्या अनेकदा ठरावीक अंतरावर पुन:पुन्हा दिसतात. हातमागावर धोटा बदलला जातो तेथे किनारीजवळ धाग्याची सुरुवात व शेवट आढळतो आणि पट्ट्यांच्या रुंदीत किंचित फरक असतो. दशांतील एखादा सुटा धागा जाळून पाहिल्यास रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली राख बोटांनी चुरडता येते. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो.

पोताचे मोल

चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार असून त्यात सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा कमी असल्याचेही याच गणनेत दिसून आले. सपाट, एकसारख्या कापडाच्या स्पर्धेत हातमाग यंत्रमागासमोर टिकू शकत नाही, कारण तेथे वेग आणि स्वस्ताई हेच निकष असतात. भागलपूरमधील अनेक विणकर यंत्रमागाकडे वळले, यामागेही हेच कारण आहे.

विरोधी पोताच्या वस्त्रात परिस्थिती काहीशी वेगळी असते. कमी पिळाचे, सतत जाडी बदलणारे घिचा सूत वेगवान यंत्रमागावर वारंवार तुटते. हातमागावर विणकर धागा पाहतो, ठोका कमी-अधिक करतो आणि तुटलेले टोक लगेच जोडतो. आपल्या संथ गतीमुळे स्पर्धेत मागे पडणारा हातमाग याच गतीमुळे हे सूत हाताळू शकतो. ज्या कोशांतून सलग धागा निघत नाही, त्यांना किंमत मिळवून देणारी आणि जंगलात कोश जोपासणाऱ्या कुटुंबांपासून गोंडे वळणाऱ्या स्त्रियांपर्यंत रोजगार पोहोचवणारी ही साखळी त्यावर उभी आहे.

दुकानात स्टोलवरून बोट फिरवताना खरबरीत पट्ट्यावर ते अडले, तर वस्त्र बाजूला ठेवण्यापूर्वी ग्राहकाने विक्रेत्याला एवढेच विचारावे, की हे सूत घिचाचे आहे का आणि वस्त्रावर हँडलूम मार्क आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर त्या गाठींसाठी सूट मागण्याचे कारण उरत नाही.